हाताला लागणारी ओढ आणि सुकाणूचा कोन

शिडाची छोटी होडी वाऱ्याच्या तोंडावर तिरपी निघाली की सुकाणूचा दांडा हातात स्वस्थ बसत नाही. तो एका अंगाला ओढ घेतो. दांडा सोडून दिला तर बहुतेक होड्यांचे नाक वाऱ्याकडे वळते, शीड फडफडू लागते आणि होडी थांबते. थोड्या होड्या मात्र उलट करतात, वाऱ्याकडे पाठ फिरवून पळू लागतात. पहिल्या खोडीला ‘वेदर हेल्म’ म्हणतात, दुसरीला ‘ली हेल्म’. ओढ हलकी असेपर्यंत कोणी तक्रार करत नाही. ती वाढली, तासाभरात मनगट भरून येऊ लागले, की होडीत खोट आहे असे ठरते. आणि मग उपाय सुचवणाऱ्यांना तोटा नसतो. डोलकाठी पुढे घ्या, तिचा मागचा कल कमी करा, तळातून पाण्यात उतरणाऱ्या सेंटरबोर्डची खाच सरकवा, शीड बदला. यातला प्रत्येक उपाय कुठल्या ना कुठल्या होडीला लागू पडलेला असतो. समोरच्या होडीला त्यातला कोणता लागू पडेल, हे मात्र ओढ किती आहे यावरून कळत नाही. हाताला लागणारी ओढ हा कच्चा पुरावा आहे. पक्का पुरावा म्हणजे सुकाणूचा कोन. तो नीट पाहिला तर छोट्या होडीत दोष बहुतेक वेळा डोलकाठीच्या जागेत सापडत नाही. तो होडीच्या कलण्यात, शीड ताणण्याच्या पद्धतीत, नाहीतर खुद्द सुकाणूच्या पात्यात सापडतो.

डोलकाठीवर पहिला संशय जातो याला कारण आहे. पुस्तकांतून समतोलाची जी आकृती देतात, तीच तशी असते. शिडांवरचा वाऱ्याचा सगळा जोर एका बिंदूतून लागतो असे धरायचे; त्याला आपण शीडकेंद्र म्हणू. पाण्याखालचा होडीचा भाग, सेंटरबोर्ड आणि सुकाणू मिळून आडवे घसरणे रोखतात. त्यांचा जोरही एका बिंदूतून लागतो असे मानायचे, ते पाणकेंद्र. शीडकेंद्र पाणकेंद्राच्या मागे पडले तर वारा होडीची शेपूट ढकलणार आणि नाक वाऱ्याकडे वळणार. पुढे पडले तर उलट. आकृती चुकीची नाही, पण ती बाजूने काढलेली आहे आणि होडी त्यात काटकोनात उभी आहे. शिवाय त्यातले बिंदू शोधण्याची रीत म्हणजे शिडाचा आकार पुठ्ठ्यात कापून टाचणीवर तोलणे. पुठ्ठ्याचा मध्य हा क्षेत्रफळाचा मध्य असतो, जोराचा नव्हे. वाऱ्याला थोड्याच कोनात धरलेल्या पातळ पृष्ठभागावर जोर पुढच्या कडेपासून रुंदीच्या साधारण पावभागाशी एकवटतो आणि कोन वाढला की मागे सरकतो. सेंटरबोर्डच्या पात्यालाही हेच लागू आहे. पोलंडमध्ये जन्मलेले आणि पुढे साउथॅम्प्टन विद्यापीठात वाऱ्याच्या बोगद्यात शिडांवर काम केलेले चेस्वाव मार्हाय यांच्यासारख्या संशोधकांमुळे या सरकत्या केंद्रांची चर्चा होडीवाल्यांच्या वाचनात आली. आराखडा काढणाऱ्यांना हे अनुभवाने आधीपासून ठाऊक होते. म्हणून तर कागदावर ते शीडकेंद्र मुद्दाम पाणकेंद्राच्या पुढे ठेवतात. किती पुढे, याचा आकडा होडीच्या घडणीनुसार बदलतो आणि तो गणितापेक्षा आधीच्या होड्यांवरून घेतलेला असतो. तेव्हा पुठ्ठा कापून ‘आपल्या होडीची केंद्रे चुकली’ असा निकाल देणे धाडसाचे आहे.

नुसती काठी पाहून समतोल सांगता येत नाही, याचे उदाहरण आपल्या किनाऱ्यावरच आहे. कोकणच्या मचव्याची डोलकाठी चक्क पुढे झुकलेली असते. पण तिरप्या लांब काठीला बांधलेले त्याचे शीड मागे लांबवर पसरते आणि मचव्याचा तळही पुढच्या बाजूला पाण्यात चांगला खोल उतरलेला असतो. काठी, शीड आणि तळ हे तिघे मिळून हिशेब पुरा करतात.

आता ओढीकडे वळू. दांड्यावर हाताला जो जोर लागतो तो दोन गोष्टींवर ठरतो: पात्यावर पाण्याचा दाब किती आणि तो दाब सुकाणूच्या बिजागरीपासून किती अंतरावर पडतो. दार बिजागरीजवळ ढकलून पाहावे आणि मग कडीजवळ. दार तेच, पण हाताला वेगळे लागते. छोट्या होड्यांचे सुकाणू उथळ पाण्यात वर उचलता यावे म्हणून त्याचे पाते एका खिळ्यावर फिरते आणि दोरीने खाली ओढून बांधतात. ही दोरी सैल पडली किंवा खाचेतून सुटली की वेगात पाणी पात्याला मागे रेटते. पाते उभे राहण्याऐवजी तिरपे मागे लोंबकळते, दाबाचा मध्य बिजागरीपासून दूर जातो आणि दांडा एकाएकी जड होतो. होडीचा समतोल मात्र फारसा बदललेला नसतो. होडी सरळ जायला सुकाणू जेवढे वळवावे लागत होते, जवळपास तेवढेच आताही लागते. फक्त तेवढे वळवण्याला दुप्पट बळ पडते. लेझर नावाची छोटी होडी चालवणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. किनाऱ्यावरून निघताना पाते पूर्ण खाली बसले नाही तर भरवाऱ्यात दांडा ओढून धरताना दमछाक होते, आणि दोरी आवळली की तीच होडी शहाण्यासारखी चालते. याच्या उलट फसवणूकही होते. दांडा लांब केला की ओढ कमी वाटते. पाते किती वळले आहे आणि ते पाणी किती अडवते आहे, यात मात्र तसूभरही फरक पडत नाही. दुखणे तसेच राहून कण्हणे तेवढे थांबते. म्हणून लांब दांड्याचा उपाय करणाऱ्याने आपण समतोल साधला असे मानू नये.

आणखी एक बारकावा आहे, आणि तो चाणाक्ष लोकांनाही चकवतो. वाऱ्यावर तिरपी जाणारी होडी नाकाच्या रेषेत जात नाही. ती थोडी वाऱ्याआडच्या बाजूला घसरत असते. चांगल्या छोट्या होडीत हे घसरणे तीन-चार-पाच अंशांचे असते. सुकाणू मोकळे सोडले तर ते होडीच्या मध्यरेषेत न राहता पाण्याच्या प्रवाहाच्या रेषेत राहू पाहते, म्हणजे दांडा वाऱ्याआडच्या अंगाला सरकतो. सेंटरबोर्डमागून येणारे पाणी थोडे वळलेले असल्यामुळे हा परिणाम कागदावरच्यापेक्षा कमी भरतो, पण उरतो. याचा अर्थ, होडी अगदी तोलात असली आणि सुकाणू मध्यरेषेत धरले असले तरी हाताला वेदर हेल्मसारखी थोडी ओढ लागतेच. ती दोषाची खूण नाही.

तेव्हा कोन पाहायचा. हे फार अवघड नाही, फक्त सहसा कोणी करत नाही. होडी किनाऱ्यावर असताना सुकाणू मध्यरेषेत बांधून दांड्याखालच्या डेकवर रंगीत चिकटपट्टीची एक खूण करावी आणि बिजागरीपासून अंतर मोजावे. ५० सेंटीमीटरवर ५ अंश म्हणजे बाजूला सुमारे साडेचार सेंटीमीटर, १० अंश म्हणजे जेमतेम ९. दोन्ही अंगांना या खुणा केल्या की चालता चालता एका नजरेत कोन वाचता येतो. दांडा आणि सुकाणूचे डोके यांच्या सांध्यात खेळ असेल तर तो आधी घट्ट करावा, नाहीतर दोन-तीन अंश त्या खेळातच हरवतात. मग मध्यम वारा आणि सपाट पाणी असलेला दिवस निवडावा, सेंटरबोर्ड आणि पाते पूर्ण खाली असावे, होडी सपाट ठेवावी आणि वाऱ्यावर तिरपी, सरळ रेषेत चालवावी. तीन ते पाच अंशांपर्यंतचा वेदर हेल्म उत्तम मानतात. सात-आठ अंशांना विचार करावा. बारा-पंधराच्या पुढे गेले की छोट्या होडीच्या पातळ पात्यावरून पाणी सुटू लागते, सुकाणू वळवणारे साधन न राहता लगाम बनते आणि मागे उसळणारे खळखळते पाणी ते सांगतेच.

इथे एक आक्षेप येतो: मुळात पाच अंश तरी का? शून्य का नको? सुकाणू अजिबात वळवावे लागत नसेल तर अडथळा सर्वांत कमी, हे ऐकायला पटते. पण घसरत्या होडीत सुकाणूचे पाते हेही सेंटरबोर्डसारखेच एक पंख आहे. ते थोड्या कोनात धरले की वाऱ्याकडच्या बाजूला जोर लावते आणि घसरणे रोखायच्या कामात वाटा उचलते. हा फायदा थोड्या कोनात मिळतो, फार वाढवला की सगळा अडथळ्यात जातो. दुसरे कारण सुरक्षेचे आहे आणि माझ्या मते ते पहिल्यापेक्षा वजनदार आहे. दांडा हातातून सुटला, चालवणारा पाण्यात पडला, तर थोडा वेदर हेल्म असलेली होडी आपणहून वाऱ्याकडे तोंड करून थांबते. ली हेल्म असलेली होडी वाऱ्याकडे पाठ करून वेग घेते, पुढे शिडाची खालची काठी, म्हणजे बूम, एका अंगावरून दुसऱ्या अंगावर आदळतो आणि होडी पालथी होते. शिकणाऱ्या मुलांच्या होडीत ली हेल्म म्हणूनच खपवून घेऊ नये, तो कितीही हलका असो.

कोन वाचायला लागल्यावर पहिला प्रश्न कोणता विचारावा? डावीकडचा आणि उजवीकडचा कोन सारखा आहे का, हा. एका दिशेला वारा घेऊन जाताना वेदर हेल्म आणि दुसऱ्या दिशेला काहीच नाही किंवा ली हेल्म, असे निघाले तर शीडकेंद्र-पाणकेंद्राचा विचार तिथेच सोडून द्यावा. डोलकाठी मागे-पुढे करण्याने दोन्ही बाजूंना सारखाच फरक पडतो. एकाच बाजूचा दोष त्याने जाऊ शकत नाही. हा दोष वाकडेपणाचा असतो. सेंटरबोर्ड खाचेत एका अंगाला कललेला असेल, पाते पिळलेले असेल, सुकाणूच्या दोन बिजागऱ्या एका रेषेत नसतील, किंवा डोलकाठी एका कुशीवर झुकलेली असेल. होडी कुशीवर घेऊन मागून एक डोळा मिटून पाहिले तर सेंटरबोर्ड आणि सुकाणूचे पाते एका ओळीत आहेत की नाही ते दिसते. काठीसाठी शीड वर चढवायची दोरी घ्यावी, ती ताणून एका बाजूच्या काठावर, आधाराच्या तारा जिथे बांधतात तिथे टेकवावी, खूण करावी आणि तेच दुसऱ्या बाजूला करावे. दोन खुणांत बोटभर फरक असला तरी तारा दुरुस्त कराव्यात. लाटा किंवा भरती-ओहोटीचा प्रवाह एका अंगाने येत असेल तरीही दोन बाजू वेगळ्या वागतात, म्हणून ही चाचणी खाडीच्या तोंडापेक्षा खडकवासल्यासारख्या जलाशयावर जास्त भरवशाची ठरते.

दोन्ही बाजूंना सारखा आणि जास्त कोन निघाला, तर सर्वांत मोठ्या संशयिताकडे जावे: होडीचे कलणे. वर म्हटलेल्या आकृतीत हाच गुन्हेगार दिसत नाही, कारण ती बाजूने काढलेली असते. वरून पाहा. सपाट होडीत शिडाचा जोर मध्यरेषेवरून लागतो. होडी कलली की शीड वाऱ्याआडच्या अंगाला बाहेर झुकते, त्याच्याबरोबर पुढे ओढणारा जोरही बाहेर जातो. तळाचा अडथळा मात्र होडीच्या पोटाशीच राहतो. एक जोर बाहेरून पुढे ओढतो, दुसरा आतून मागे धरतो, आणि होडी वाऱ्याकडे फिरते. किती फिरते त्याचा ढोबळ हिशेब करता येतो. समजा शीडकेंद्र पाण्यापासून अडीच मीटर उंच आहे. होडी १५ अंश कलली तर ते सुमारे ६५ सेंटीमीटर बाहेर जाते. आता दुसऱ्या बाजूला डोलकाठीचा कल घ्या. सहा मीटरच्या काठीचे टोक ३० सेंटीमीटर मागे घेतले, जो बराच मोठा बदल आहे, तर तळापासून दोन पंचमांश उंचीवरचे शीडकेंद्र साधारण १२ सेंटीमीटर मागे जाईल. हे दोन आकडे थेट ताडून पाहता येत नाहीत, कारण काठीच्या कलावर काम करतो तो शिडाचा आडवा जोर आणि कलण्यावर काम करतो तो पुढचा. वाऱ्यावर तिरपे जाताना आडवा जोर पुढच्या जोराच्या साधारण तिप्पट धरला, तर काठीचा हिशेब बारा तिरके छत्तीस, आणि कलण्याचा पासष्ट. म्हणजे १५ अंश कलणे हे काठीचे टोक अर्ध्या मीटरहून जास्त मागे घेण्याबरोबर झाले. यात कललेल्या होडीच्या पाण्यातल्या आकाराचा परिणाम धरलेलाच नाही. वाऱ्याआडचा फुगीर गाल पाण्यात बुडतो, दुसरा वर येतो, आणि बुडालेला गाल नाकाला वाऱ्याकडे लोटतो.

हिशेबावर विश्वास नसेल तर प्रत्यक्ष पुरावा आहे. छोट्या होड्यांच्या प्रशिक्षणात सुकाणू काढून ठेवून होडी चालवायचा सराव देतात. चालवणारा वाऱ्याकडच्या काठावर अंग बाहेर टाकून होडी आपल्याकडे कलवतो तेव्हा ती वाऱ्यापासून दूर वळते, आत सरकून तिला पलीकडे कलू देतो तेव्हा ती वाऱ्याकडे वळते. शिडाची दोरी सैल-घट्ट करून तो उरलेले काम साधतो. नुसत्या कलण्याने होडी डावी-उजवी वळवता येते, तर त्याच कलण्याने ती नको तेव्हाही वळणारच. गंमत अशी की दहा-पंधरा अंशांचे कलणे आत बसलेल्याला कलणे वाटतच नाही. काठावर बसलेले शरीर त्याला सरावलेले असते. पुढच्या डेकची आडवी कड समोरच्या पाण्याच्या रेषेशी ताडून पाहिली, किंवा किनाऱ्यावरून कोणी फोटो काढला, तरच खरे कळते. ‘माझी होडी सपाटच असते’ हे विधान फोटोशिवाय ग्राह्य धरू नये.

यावर हलक्या वजनाचे लोक जे म्हणतात ते रास्त आहे. वारा वाढला की आमच्या वजनाला होडी सपाट राहतच नाही. मग कलणे हे कारण ठरवून काय मिळवले, काठी तरी बदलू द्या. पण काठी पुढे घेतल्याने कलणे कमी होत नाही. ओढ थोडी कमी होते, होडी तशीच कललेली राहते, आणि हलक्या वाऱ्यात तिला ली हेल्म येतो. इथे करायचे ते शिडाची ताकद कमी करण्याचे काम आहे. बूम खाली ओढणारी किकरची दोरी आणि शिडाची पुढची कड ताणणारी कनिंगहॅमची दोरी कसून आवळावी. शीड चपटे होते, त्याची फुगवटी पुढे जाते, वरचा भाग वारा सोडतो. झोत आला की मोठ्या शिडाची दोरी, म्हणजे मेनशीट, आधी सैल करावी, दांडा ओढत बसू नये. तेवढ्यानेही भागत नसेल तर शीडच लहान हवे. ब्रूस कर्बी यांनी आराखडा केलेल्या आणि १९७१ मध्ये बाजारात आलेल्या लेझरमध्ये, जिला आता आयएलसीए म्हणतात, ही सोय आहे: तोच सव्वाचार मीटरचा तळ आणि त्यावर ७.०६, ५.७६ किंवा ४.७ चौरस मीटरचे शीड. यातल्या सर्वांत लहान शिडाची गोष्ट या प्रकरणाच्या उलट बाजूला जाते, म्हणून ती सांगायलाच हवी. शीड लहान केले की त्याची रुंदीही घटते आणि शीडकेंद्र पुढे सरकते. तळ आणि सेंटरबोर्ड मात्र जागच्या जागी. होडीला ली हेल्म आला असता. म्हणून या शिडाच्या काठीचा खालचा तुकडा मुळातच मागे वाकवलेला असतो, की शीडकेंद्र पुन्हा मागे जावे. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत नेहा ठाकूरने मुलींच्या गटात रौप्यपदक मिळवले ते याच सर्वांत लहान शिडाच्या, आयएलसीए ४ होडीत. डोलकाठी कधीच दोषी नसते असे माझे म्हणणे नाही. शिडाचा आकार किंवा जागा खरोखर बदलली असेल तेव्हा काठीचा विचार करावा, आणि तो आराखडा करणाऱ्यांनी केलेला आहे.

सपाट होडीतही कोन जास्त राहिला तर शिडाकडे पाहावे. जुने, धुऊन-धुऊन मऊ पडलेले शीड वाऱ्यात मागे फुगते. त्याचा जोरही मागे जातो. खात्री करायला मेनशीट हातभर सैल सोडावी. दांडा ताबडतोब मध्यावर आला तर दोष शिडाच्या ताणण्यात किंवा त्याच्या वयात आहे. दोन शिडांच्या होडीत, उदाहरणार्थ जॅक होल्ट यांच्या १९५६ च्या एंटरप्राइझमध्ये, पुढच्या शिडाचा, म्हणजे जिबचा, ताण आणि तिची पुढची तार सैल आहे का हेही पाहावे. जिब ढिली पडली की होडीचे नाक धरून ठेवणारा जोर कमी होतो. जिब अजिबात न लावता नुसत्या मोठ्या शिडावर एंटरप्राइझ चालवणाऱ्याने वेदर हेल्मची तक्रार करू नये, ती तर त्याने स्वतः विकत घेतलेली आहे.

सेंटरबोर्डचे दोन प्रकार आहेत आणि त्यांच्यात गल्लत झाली की निदान चुकते. एंटरप्राइझसारख्या होडीत तो खिळ्यावर फिरतो. एक मीटर लांबीचे असे पाते ३० अंश वर उचलले तर त्याचा मध्य साधारण पाव मीटर मागे जातो आणि खोली जेमतेम तेरा टक्के घटते. म्हणजे पाणकेंद्र झटकन मागे सरकते आणि वेदर हेल्म उतरतो. भरवाऱ्यात जाणकार हे करतातच. निदानासाठीही ही चाचणी नामी आहे: पाते थोडे उचलल्याने कोन पाचाच्या आत आला, तर केंद्रांचा संबंध खरोखर बिघडलेला असू शकतो. लेझरचा किंवा ऑप्टिमिस्ट या छोट्या होडीचा सेंटरबोर्ड, म्हणजे डॅगरबोर्ड, मात्र खाचेतून सरळ वर येतो. तो उचलला की पाणकेंद्र मागे जवळपास जात नाही, नुसते क्षेत्र घटते आणि होडी जास्त घसरते. त्यावर हा प्रयोग करून ‘फरक पडला नाही, म्हणजे दोष दुसरीकडे आहे’ असे म्हणणे चुकीचे. बसण्याची जागा हीही याच हिशेबातली. फार पुढे बसले की नाक बुडते, पाणकेंद्र पुढे येते, ओढ वाढते. फार मागे बसले की ओढ कमी होते, पण मागची फळी पाणी ओढू लागते. मागून येणाऱ्या वाऱ्यात बूम बाहेर सोडलेला असताना होडी वाऱ्याकडे वळू पाहते, तो दोष समजू नये. जोरच बाहेर आहे. तिथे होडी थोडी वाऱ्याकडच्या अंगाला कलवून घेतात.

आता उरते काठी. पाते खाली, होडी सपाट, दोन्ही बाजू सारख्या, शीड ठीक, आणि तरीही कोन आठ-दहा अंश, असे झाले तर काठीला हात लावावा. दुसऱ्या होडीचे शीड आणून बसवलेल्या, घरी बांधलेल्या किंवा काठीची बैठक कुणीतरी दुरुस्तीत हलवलेल्या होड्यांत हे खरोखर निघते. एका वर्गातल्या ठरीव होड्यांत सहसा निघत नाही. दोन लाखांहून जास्त लेझर बनल्या, तिची काठी ठरलेल्या भोकात ठरलेल्या कोनातच बसते, आणि तरीही ती तोलात चालते. एखादीच तशी चालत नसेल तर आराखड्यावर खापर फोडण्याआधी तिचे पाते, बिजागऱ्या आणि काठीचे भोक तपासावे. क्लार्क मिल्स यांनी १९४७ मध्ये फ्लोरिडात केलेल्या ऑप्टिमिस्टमध्ये मात्र काठीचा कल बदलता येतो, आणि तिच्या प्रशिक्षकांची रीत कोणत्याही होडीला चालेल. मोजपट्टीचे टोक काठीच्या शेंड्याला लावून ती मागच्या फळीच्या वरच्या कडेपर्यंत ताणायची आणि आकडा लिहून ठेवायचा. हा आकडा बदल करण्याआधी लिहायचा, नंतर नव्हे. मग टोक दोन-तीन सेंटीमीटरच पुढे घ्यायचे, बाकी काही हलवायचे नाही, आणि दोन वेगळ्या वाऱ्यांत पुन्हा कोन वाचायचा: एकदा काठावर बसावे लागत नाही अशा हलक्या वाऱ्यात, एकदा अंग बाहेर टाकावे लागते अशा. भरवाऱ्यात कोन पाचावर आला पण हलक्या वाऱ्यात दांडा मध्यरेषा ओलांडून पलीकडे गेला, तर काठी निम्मी परत घ्यावी आणि भरवाऱ्यातला उरलेला कोन किकर, कनिंगहॅम आणि काठावरच्या वजनाने उतरवावा.